झिरो कुठून घेता?

गुडघा बदलायच्या ऑपरेशनचा खर्च समजावून सांगायची खोली सगळीकडे साधारण सारखीच असते. एक टेबल, तीन खुर्च्या, उघडमीट करता येणारा प्लास्टिकचा गुडघा आणि भिंतीवर रोबोटचं चकचकीत पोस्टर. गंगापूर रोडपासून मुंबई नाक्यापर्यंत नाशकात आता अशा खोल्या बऱ्याच झाल्यात. त्यातल्याच एका खोलीत डिसेंबरच्या एका गारठ्याच्या सकाळी एक जोडपं बसलं होतं. मावशींचे दोन्ही गुडघे बाहेरच्या बाजूला कमानीसारखे वाकलेले, मांडीवर एक्स-रेची पिशवी, पायात मोज्यांवर चप्पल. शेजारी काका. सातपूरच्या कारखान्यात आधी लेथवर आणि नंतर व्हीएमसीवर, म्हणजे कॉम्प्युटरच्या आकड्यांवर कापणाऱ्या मशीनवर, उभं राहून निवृत्त झालेले; नखांच्या कडेची काळी रेघ अजून गेलेली नव्हती. समोरची मुलगी पाठ केलेलंच सांगत होती, पण आपुलकीनं सांगत होती. रोबोट मिलीमीटरच्याही भागापर्यंत अचूक कापतो, चुकीला जागाच नाही, दुसऱ्या दिवशी चालायला लावतात. काकांनी चष्मा कपाळावर चढवला, पोस्टरजवळ गेले, रोबोटच्या हाताचे सांधे बोटानं मोजले आणि वळून विचारलं, "ताई, झिरो कुठून घेता?"

"म्हणजे?"

"म्हणजे जॉबचा झिरो. हाड कुठंय ते मशीनला कळतं कसं?" ती हसली, चेष्टेनं नाही, अडचणीतून सुटायला हसतात तसं. "काका, ते सगळं कॉम्प्युटरच करतो." काकांनी मान हलवली. मटेरियल आणून देणाऱ्याला आपलं म्हणणं समजलेलं नाही आणि आता परत समजावण्यात अर्थ नाही, तेव्हा माणूस हलवतो तशी. मावशी म्हणाल्या, "अहो, पुरे आता तुमचं मशीन. पायऱ्या चढता येतील का ते विचारा." विषय पायऱ्यांवर गेला, मग विम्यावर, मग कँटीनच्या चहावर. प्रश्न तसाच पोस्टरखाली राहिला. तो डोक्यातून जाईना, कारण शस्त्रक्रियेच्या रोबोटबद्दल विचारण्यासारखा खरा प्रश्न तोच आहे, आणि तो विचारला गेला होता त्या खोलीत, जिथे उत्तर माहीत असण्याची कुणालाच गरज नव्हती.

सातपूर-अंबडच्या कारखान्यांत ज्यांच्या घरातलं कुणी शिफ्टला जातं त्यांना झिरो समजावून सांगावा लागत नाही. बाकीच्यांसाठी सांगतो: जॉब म्हणजे कापायचा तुकडा, आणि झिरो म्हणजे जिथून मशीन सगळी मापं मोजतं ती जागा. व्हाईसमध्ये, म्हणजे शिकंजात, जॉब धरायचा, खाली पॅरललच्या सपाट पट्ट्या, आवळताना तो उचलला जातो म्हणून वरून नायलॉनच्या हातोडीनं ठोकून बसवायचा. डायल फिरवून काटा हलत नाही ना बघायचं. मग एज फाइंडर एका कडेला टेकवून एक्स, दुसऱ्या कडेला टेकवून वाय, आणि वरच्या तोंडाला टूल टेकवून झेड. हे तीन आकडे जी ५४ मध्ये, मशीनच्या झिरोच्या नोंदीत, भरले की मशीनला जॉब कुठे आहे ते 'कळलं'. कळलं म्हणजे काय, तर आकडे कळले. जॉबखाली एक बारीक बर, धातूची किरच, अडकली असेल तर दहा मायक्रॉननं मोजणारं तेच मशीन तितक्याच अचूकपणे चुकीच्या जागी कापेल, आणि कापताना त्याचा आवाजसुद्धा बदलणार नाही. म्हणून जुना ऑपरेटर पहिला पीस कधी सरळ कापत नाही. आधी जॉबच्या वर हवेत फिरवून बघतो, त्याला एअर कट म्हणतात. ज्याचे एक-दोन जॉब रिजेक्ट झालेत तो मशीनच्या अचूकतेबद्दल कमी बोलतो आणि व्हाईसबद्दल जास्त.

आता हेच गुडघ्यावर आणा. गुडघ्याला सरळ कड नाही. काटकोन नाही. व्हाईस नाही, पाऊल एका बुटासारख्या आधारात बांधतात, पण मांडीचं हाड स्नायूंच्या आत तरंगतच असतं आणि सर्जननं नुसतं ओढलं तरी हलतं. ड्रॉइंग मात्र उत्तम असतं. माकोसारख्या रोबोटच्या पद्धतीत आधी सीटी स्कॅन होतो, तोही एकट्या गुडघ्याचा नाही, तर खुबा, गुडघा आणि घोटा तिन्हींचा, कारण पायाची रेषा खुब्यापासून घोट्यापर्यंत मोजतात. त्या स्कॅनवरून त्याच माणसाच्या हाडाचं त्रिमितीय मॉडेल तयार होतं आणि त्यावर आदल्या दिवशीच इम्प्लांटचं माप, कोन, किती मिलीमीटर कापायचं हे सगळं बसवून ठेवतात. म्हणजे एकीकडे पडद्यावरचं हाड आणि दुसरीकडे टेबलावरचं हाड. दोन्ही एकाच बाईची, पण एकमेकांची ओळख नसलेली. त्यांची ओळख करून देण्याच्या कामाला ओटीत, म्हणजे ऑपरेशन थिएटरमध्ये, रजिस्ट्रेशन म्हणतात. काकांच्या भाषेत झिरो.

तो घेतात असा. नडगीवर, गुडघ्याच्या चार बोटं खाली, ३ ते ४ मिलीमीटर जाडीच्या दोन पिना ड्रिलनं हाडात बसवतात. तशाच दोन मांडीच्या हाडात. प्रत्येक जोडीवर एक फ्रेम आवळतात आणि तिच्यावर प्रकाश परतवणारे करड्या रंगाचे छोटे गोळे असतात. दीड-दोन मीटरवर स्टँडवर दोन डोळ्यांचा इन्फ्रारेड कॅमेरा उभा असतो. तो हाड बघत नाही, पायही बघत नाही. त्याला दिसतात फक्त हे गोळे. दोन डोळ्यांतल्या अंतरावरून तो त्यांची जागा पाव मिलीमीटरच्या आसपास अचूक सांगतो. पिना हाडात पक्क्या, फ्रेम पिनांना पक्की, म्हणून गोळे हलले म्हणजे हाड हललं, असा सगळा हिशोब. रोबोटच्या हातावरही असेच गोळे असतात. मजा अशी की इथे व्हाईस नसला तरी चालतो. हाड हलू द्यायचं, फक्त त्याच्यावरची नजर सुटू द्यायची नाही. हे पहिल्यांदा कळतं तेव्हा मशीनशॉपच्या माणसाला जरा बेचैन व्हायला होतं, कारण त्याचा सगळा जन्म जॉब हलू नये यात गेलेला असतो.

मग स्पर्श सुरू होतात. आधी सर्जन पाय उचलून खुब्यातून गोल गोल फिरवतो, दळायच्या जात्यासारखा. कॉम्प्युटर त्या फिरण्यातून वर्तुळांचा मध्य काढतो. तो मध्य म्हणजे खुब्याच्या सांध्याचं केंद्र, जे कापून उघडल्याशिवाय दिसत नाही. नंतर प्रोब, म्हणजे टोकदार सळी, घोट्याच्या आतल्या आणि बाहेरच्या हाडावर टेकवतात. मग उघड्या गुडघ्यात मांडीच्या हाडावर ४० ठिपके, नडगीच्या हाडावर ४० ठिपके. पडद्यावर एक ठिपका पेटतो, सर्जन प्रत्यक्ष हाडावर तीच जागा शोधून प्रोब टेकवतो, पेडल दाबतो, टिंग असा आवाज येतो, पुढचा ठिपका. यात एक बारकावा आहे आणि तो नवशिक्यांकडून सुटतो. सीटीला हाड दिसतं, पण हाडावरची कूर्चा, ज्याला आपण गादी म्हणतो, ती दिसत नाही. जिथे गादी अजून शाबूत आहे तिथे प्रोब वरच्यावर टेकवला तर कॉम्प्युटरला हाड दोन-तीन मिलीमीटर फुगलेलं वाटतं. म्हणून टोक गादीतून आरपार रुतवून हाडाला लागेपर्यंत दाबायचं. हाताला ते कळतं. गादी लोण्यासारखी आत जाते आणि मग टक्क. जिथे गादी पूर्ण झिजून हाड हस्तिदंतासारखं गुळगुळीत झालंय तिथे मात्र टोक घसरतं, आणि तिथे उलट हलक्या हातानं टेकवावं लागतं. ८० ठिपके झाल्यावर पडताळणी. पडद्यावर दाखवलेल्या आणखी काही जागांवर प्रोब टेकवून बघायचं की पडद्यातलं अंतर आणि खरं अंतर किती जुळतंय. अर्धा मिलीमीटरच्या आत आलं तर पुढे.

हा काकांचा एअर कट.

नडगीच्या हाडाचं वरचं पठार साधारण ७० मिलीमीटर रुंद धरलं, तर एका अंशाची चूक म्हणजे एका कडेला सव्वा मिलीमीटर. सुतारकामात सुताभराचा फरक पट्टी मारून झाकता येतो. गुडघ्यात सव्वा मिलीमीटरनं एका बाजूचं लिगामेंट तट्ट होतं आणि दुसऱ्या बाजूचं ढिलं, आणि तो माणूस पुढची वीस वर्षं सांगत राहतो की जिना उतरताना पाय सुटल्यासारखा वाटतो. म्हणून कापण्याआधी सर्जन पाय सरळ करून आणि मग काटकोनात वाकवून, दोन्ही बाजूंना ताण देऊन, आतली-बाहेरची फट किती मिलीमीटर उघडते ते कॉम्प्युटरला नोंदवायला लावतो. तत्पूर्वी हाडाच्या कडेनं वाढलेले काटे, ऑस्टिओफाइट, खुडून काढलेले असायला हवेत. ते तसेच ठेवले तर लिगामेंट त्यांच्यावर तंबूसारखं ताणलेलं राहतं आणि आकडे खोटे येतात. आकडे बघून मग पडद्यावरचं इम्प्लांट एखादा अंश इकडे, अर्धा मिलीमीटर तिकडे सरकवतात. खरं सांगायचं तर या यंत्राचा सगळ्यात मोठा उपयोग कापण्यात नाही, इथे आहे. कापायच्या आधीच दिसतं की असं कापलं तर फट किती राहील. हातानं करणारे चांगले सर्जन हाच अंदाज बोटांनी घेतात आणि बहुतेक वेळा बरोबर घेतात, पण बोटांचा अंदाज पडद्यावर लिहून येत नाही, त्यामुळे शेजारी उभा असलेला शिकाऊ डॉक्टर तो नुसता बघू शकतो, वाचू शकत नाही.

बिघडतं काय, याची यादी पोस्टरवर नसते. सगळ्यात साधं म्हणजे कुणाचं तरी डोकं मध्ये येतं. असिस्टंट रिट्रॅक्टर, जखम उघडी ठेवायचं अवजार, धरून वाकला की कॅमेरा आणि गोळ्यांची नजरभेट तुटते, पडद्यावरचं हाड गोठतं, आणि सर्जन न बघताच म्हणतो, "डोकं." अनुभवी असिस्टंट कॅमेऱ्याच्या विरुद्ध बाजूनं वाकायला शिकतात. गोळ्यावर रक्ताचा एक थेंब उडाला तरी तो गोळा आंधळा. सिस्टर ओल्या गॉजनं टिपते, घासत नाही, कारण घासलं तर परावर्तक थर निघतो. ओटीचा दिवा थेट गोळ्यांवर मारला तरी कॅमेरा गोंधळतो. या सगळ्यात निदान कळतं तरी की काहीतरी चुकलंय. भीती असते ती न कळणाऱ्या चुकीची. सत्तरीतल्या बाईचं हाड ठिसूळ, पिन खडूत घुसावी तशी घुसलेली. कुणाचं कोपर फ्रेमला लागलं आणि पिन हाडातल्या हाडात केसभर फिरली, तर गोळे छान दिसत राहतात, कॅमेरा खूश असतो, आणि जॉबचा झिरो गेलेला असतो. त्यासाठी पिनांपासून वेगळा, हाडात बसवलेला एक बारीक स्क्रू असतो, चेकपॉइंट. प्रत्येक मोठ्या कापाआधी प्रोब त्या स्क्रूवर टेकवायचा. आकडा जुळला तर पुढे. नाही जुळला तर थांबायचं. हाड अजून कापलेलं नसेल तर सगळे ठिपके पुन्हा घेता येतात. ज्या जागा टेकवायच्या त्याच कापून टाकल्या असतील तर मात्र कॉम्प्युटरकडे परत जायचा रस्ता नाही. तेव्हा सर्जन शांतपणे सांगतो, "जिग द्या."

आणि जिगचा, म्हणजे हातानं कापायच्या साच्यांचा, ट्रे तयार असावा लागतो. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. रोबोट आहे म्हणून हातानं कापायच्या पट्ट्या, आडवे-उभे मार्गदर्शक, रॉड हे सगळं निर्जंतुक न करता कपाटात ठेवलेलं असेल, तर त्या ओटीला रोबोट अजून समजलेला नाही. सकाळी साडेसातला सिस्टर ट्रे मोजताना ओठांतल्या ओठांत पुटपुटत असते. तिच्या यादीत रोबोटचं निर्जंतुक कव्हर, प्रोब, गोळे, पिना, करवतीची पाती आणि त्याखाली जुन्या पद्धतीचे दोन ट्रे असतात. बहुतेक वेळा ते ट्रे न उघडता परत जातात. परत जातात म्हणून ते जास्तीचे, असं मात्र नाही. पडद्यापाशी बहुधा कंपनीचा इंजिनीअर उभा असतो, निर्जंतुक भागाच्या बाहेर, माउस घेऊन. रुग्णाला हा माणूस कुणी दाखवत नाही आणि त्याच्याबद्दल सांगतही नाही. सांगायला हरकत काय, हे मला अजून कळलेलं नाही. मशीन लागलं की सुरुवातीला कंपनीचा माणूस शॉपवर असतोच, यात लपवण्यासारखं काही नाही.

कापण्याचा भाग, ज्याचं सगळीकडे चित्र असतं, तो खरं तर लवकर संपतो. मांडीच्या हाडाला पाच काप, नडगीला एक. हात रोबोटचा, पण ट्रिगर सर्जनच्या बोटात. ठरवलेल्या सीमेच्या आत पातं मोकळं फिरतं. सीमेला आलं की हात भिंतीला टेकल्यासारखा अडतो, आणि रेटलं तर करवत बंद पडते. पडद्यावर कापायचा भाग हिरवा दिसतो आणि कापत जाल तसा पुसला जातो. जळक्या हाडाचा वास येतो, असिस्टंट सिरिंजनं सलाईन सोडत राहतो. इथे काकांना आवडेल असा एक दोष आहे. यंत्राला पात्याच्या मुळाची जागा माहीत असते, टोकाची नाही. टोक तिथेच आहे असं ते धरून चालतं. मावशींसारख्या बाहेर वाकलेल्या गुडघ्यात नडगीची आतली बाजू वर्षानुवर्षं वजन घेऊन दगडासारखी घट्ट झालेली असते. पातळ पातं त्या घट्ट हाडावर आलं की वाकून वरच्या मऊ भागाकडे घसरतं. टूल डिफ्लेक्शन. पडदा म्हणतो काप बरोबर, आणि हाडावर आतली कड अर्धा-पाऊण मिलीमीटर उंच. म्हणून घट्ट हाडावर सावकाश जायचं, पातं नवं वापरायचं, आणि काप झाल्यावर सपाट पट्टीचा प्रोब त्यावर ठेवून पुन्हा मोजायचं. मोजलं नाही तर ते कळतच नाही. नंतर सिमेंट मात्र रोबोटला ओळखत नाही. पावडर आणि द्रव कालवला की डोळ्यांत जाणारा तिखट वास सुटतो, आणि साधारण दहा-पंधरा मिनिटांत ते दगड होतं. ओटी थंड असेल तर थोडं उशिरा, गरम असेल तर लवकर. त्या मिनिटांत कुणी बोलत नाही.

काकांचा प्रश्न या क्षेत्राइतकाच जुना आहे. १९८५ मध्ये अमेरिकेत मेंदूतला तुकडा तपासणीला काढताना सुई नेमक्या जागी धरायला प्यूमा वापरला गेला, तो चक्क कारखान्यातला रोबोट होता, जुळणीच्या कामाचा. कवटी फ्रेममध्ये आवळलेली असल्यानं तिथे झिरो सोपा होता. १९९२ मध्ये रोबोडॉकनं पहिल्यांदा माणसाच्या मांडीच्या हाडात खुब्याच्या इम्प्लांटसाठी पोकळी कोरली, तीही स्वतः, सर्जन बाजूला उभा राहून बघत असताना. त्यासाठी आधी एक वेगळं छोटं ऑपरेशन करून हाडात धातूच्या खुणा बसवायच्या, मग सीटी, मग त्याच खुणा शोधून रजिस्ट्रेशन, आणि कोरताना हाड क्लॅम्पनं रोबोटला जखडायचं. म्हणजे व्हाईसच. झिरो घ्यायलाच रुग्णाला एक जास्तीचं दुखणं. पुढची बरीच वर्षं या खुणा कशा टाळायच्या, हाड मोकळं ठेवून त्यावर नजर कशी ठेवायची, यातच गेली. हात तर आधीच तयार होता. उशीर लागला तो डोळ्याला.

पोटाच्या ऑपरेशनचा रोबोट हा मात्र वेगळाच प्राणी आहे, आणि दोघांना एकच नाव दिल्यानं सगळा घोळ होतो. दा विंची, ज्याला अमेरिकेत २००० मध्ये परवानगी मिळाली, त्याला झिरोच नाही. असूही शकत नाही. आतडं श्वासाबरोबर हलतं, प्रोस्टेट ओढलं की लांबतं, कालचा स्कॅन आज जुळणार नाही. तिथे रोबोट काहीच ठरवत नाही. सर्जन काही फुटांवर कन्सोलमध्ये डोकं घालून बसतो, बोटं हलवतो, आणि पोटातली ८ मिलीमीटरची अवजारं तीच हालचाल दोन-तीन पट लहान करून, थरथर गाळून करतात. डोकं काढलं की हात जागीच थांबतात. झिरोच्या जवळ जाणारं काही असेल तर ते एकच ठिकाण, पोर्टच्या, म्हणजे अवजार पोटात सोडायच्या, नळीवरचा जाड काळा पट्टा. तो बरोबर पोटाच्या भिंतीत बसवायचा, कारण अवजार त्याच बिंदूभोवती फिरतं. पट्टा वर-खाली राहिला तर प्रत्येक हालचालीला भोक ताणलं जातं आणि रुग्णाला दुसऱ्या दिवशी कापलेल्या जागेपेक्षा भोकच जास्त दुखतं. दोन पोर्टमध्ये चार बोटांचं अंतर, नाहीतर बाहेर हात हातावर आपटतात. पोटात १२ ते १५ मिलीमीटर पाऱ्याच्या दाबाचा कार्बन डायऑक्साइड, प्रोस्टेटला डोकं २५-३० अंश खाली. हात जोडले की टेबल हलवायचं नाही. जोडून चालणारं खास टेबल नसेल तर भूलतज्ज्ञ रिमोटच बाजूला ठेवून देतात. दुर्बीण गार आणि पोट गरम, म्हणून काचेवर धुकं येतं. त्यावर उपाय म्हणजे घरच्यासारखा थर्मास, कोमट निर्जंतुक पाण्याचा. कोट्यवधींच्या यंत्राशेजारी तो थर्मास बघितला की बरं वाटतं. या यंत्राच्या बहुतेक पिढ्यांत सर्जनच्या बोटांना ताण जाणवत नाही. धागा किती ओढला हे डोळ्यांनी ओळखायचं, पेशी पांढरी पडते त्यावरून, नाहीतर गाठ बसताना धागा तटकन तुटतो. आणि रक्त सुटलं तर टेबलाशेजारी उभा असलेला दुसरा सर्जन कामाचा असतो, कन्सोलमधला नाही. अवजाराचा चिमटा काही धरून असताना यंत्र थांबलं, तर तो हातानं उघडायची छोटी किल्ली असते. ती कुठे ठेवलीय हे ओटीतल्या प्रत्येकाला अंधारात सांगता आलं पाहिजे. अशी तालीम करणारी टीम आणि न करणारी टीम पहिल्या पाच मिनिटांत वेगळी ओळखू येते.

लाईट गेली तर? हा दुसरा प्रश्न, जो आपल्याकडे प्रत्येक नातेवाईक विचारतो आणि ज्याला सगळे हसतात. हसू नये. यूपीएस आहे, जनरेटर आहे, पोटाच्या यंत्रात स्वतःची बॅटरीही असते, पण ती सामान गुंडाळून बाहेर यायला पुरेल इतकीच. जून महिन्यात पहिल्या वादळात वीज गेली की जनरेटर येईपर्यंतच्या काही सेकंदांत ओटीत जी शांतता होते तीत मॉनिटरची बीप तेवढी ऐकू येते. गुडघ्याच्या ओटीत तेव्हा करवत थांबते, बस. हाड पळून जात नाही.

एवढं सगळं जमून आलं की मिळतं काय? पायाची रेषा ठरवली तशी येते, भलतीच वाकडी निघण्याचे प्रकार कमी होतात, हे अभ्यासांत पुन्हा पुन्हा दिसलंय. पण वर्षभरानं रुग्णालाच विचारलं की गुडघा कसा आहे, तर चांगल्या हातांनी केलेल्यात आणि यंत्रानं केलेल्यात मोठा फरक ठामपणे दिसत नाही. हे दोन्ही खरं आहे आणि दोन्ही एकाच श्वासात सांगायला हवं. हायवेवरच्या होर्डिंगला दोन वाक्यांची जागा नसते. निफाड-दिंडोरीकडच्या बायका द्राक्षाची काढणी उरकली की गुडघ्याला येतात, आणि त्यांचा प्रश्न मिलीमीटरचा नसतोच. खाली बसून निंदणी करता येईल का, मांडी घालून जेवता येईल का. बहुतेकींना नाही असंच सांगावं लागतं, निदान पूर्ण नाही. ते उत्तर रोबोटनं बदललेलं नाही, कारण ते इम्प्लांटच्या आकाराचं आणि ऑपरेशनआधी गुडघा किती वाकत होता याचं उत्तर आहे.

मावशींचा उजवा गुडघा जानेवारीत झाला. चौदाव्या दिवशी टाके काढायला त्या काठी टेकत, पण सरळ पायानं आल्या. ब्रदरनं पट्टी सोडली. समोर स्टेपलची उभी रांग, गुडघ्याच्या मधोमध. आणि तिच्या बऱ्याच खाली, नडगीवर, दोन वेगळे छोटे टाके. काका पुढे झाले. चष्मा कपाळावर. "हे कशाचे?" ब्रदर चिमट्यानं स्टेपल उचलत म्हणाला, "पिनांचे, काका. त्यावर ते गोळे लावतात ना, कॅमेऱ्यासाठी." काकांनी मांडीकडे बघितलं, तिथेही दोन होते. चार खुणा त्यांनी हवेतच बोटानं जोडल्या, खालच्या दोन, वरच्या दोन. मग बोट दोन खालच्या टाक्यांच्या मध्ये, न टेकवता, धरून ठेवलं.

"म्हणजे झिरो हा होता. जॉब इथं बांधला होता."

"जॉब काय म्हणता हो मला!" मावशी म्हणाल्या. "पायऱ्यांचं विचारलंत का?"